कोलंबोहून स्वस्त पडते म्हणून

पनवेलकराला भाड्यातल्या तफावतीचे नवल नाही. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कोकणात जाणाऱ्या खासगी बसचा दर कुठवर चढतो, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. अशाच तक्रारी वर्षानुवर्षे साचल्यावर 2018 साली राज्य सरकारने खासगी बसगाड्यांना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीची मर्यादा घातली. ती किती पाळली जाते हा वेगळा विषय. कोकण रेल्वेचे गणित तर आणखी गमतीचे. रोह्यापुढे भाडे आकारताना किलोमीटर चाळीस टक्क्यांनी फुगवून धरायची पद्धत आहे, म्हणजे प्रवासी न कापलेल्या अंतराचेही पैसे मोजतो. निदान त्याचे कारण उघड सांगितलेले आहे: मार्ग बांधायला आलेला खर्च भरून काढायचा. 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, 25 डिसेंबरपासून देशांतर्गत विमाने उतरू लागली, आणि विमानप्रवास पनवेलच्या उंबऱ्यापाशी आला. त्याबरोबर कोकण रेल्वेच्या बरोबर उलटा हिशेबही उंबऱ्यापाशी आला आहे: अंतर जास्त कापायचे आणि पैसे कमी द्यायचे.

हिशेब असा. न्यूयॉर्कला किंवा टोरांटोला बिझनेस क्लासने जायचे आहे. मुंबईहून दुबई किंवा दोहामार्गे जाण्याचे एका कंपनीचे भाडे एक असते. त्याच कंपनीचे, त्याच दुबई-दोहावरून पुढे त्याच विमानाने जाणारे, पण कोलंबोहून सुरू होणारे तिकीट कित्येकदा बरेच स्वस्त असते. मग मुंबई-कोलंबो असे एक वेगळे साधे तिकीट काढायचे, कोलंबोला उतरायचे आणि खरा प्रवास तिथून सुरू करायचा. सराईत प्रवासी याला पोझिशनिंग फ्लाइट म्हणतात. यात कटकट कमी नाही. श्रीलंकेची प्रवेश-परवानगी काढावी लागते, कोलंबोच्या काटुनायके विमानतळावर पट्ट्यावरून बॅगा उतरवून घेऊन पुन्हा काउंटरवर द्याव्या लागतात, आणि पहिले विमान रखडले तर दुसरी कंपनी हात वर करते, कारण तिच्या लेखी प्रवासी वेळेवर आलाच नाही. परतीचे तिकीटही कोलंबोपर्यंतच. तिथून मुंबई पुन्हा आपली आपण. एवढे करून दोन पैसे वाचवणाऱ्याला कुणी हुशार म्हणते, कुणी म्हणते कंपनीला टोपी घातली. यातले खरे काय, हा प्रश्न धर्मविचाराचा आहे, आणि आपल्याकडे तो फार जुना आहे.

उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र हा ग्रंथ जैनांचे दिगंबर आणि श्वेतांबर हे दोन्ही पंथ मानतात. त्याच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या प्रत्येक व्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रत पुरते न मोडता त्याला डाग लावणारी कृत्ये, दिली आहेत. अस्तेयाचे, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचे पाच डाग असे: चोराला चिथावणे, चोरीचा माल घेणे, विरुद्धराज्यातिक्रम, खोटी मापे वापरणे आणि भेसळ. मधला प्रकार काय, याचा खुलासा पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी या टीकेत केला आहे. त्याचा आशय असा, की विरोधी राज्यात महागडा माल थोड्या किमतीला मिळतो म्हणून तिथून तो मिळवण्याची खटपट करणे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या आचार्याने कोलंबोच्या तिकिटाचे वर्णन करून ठेवावे, तसे हे आहे. आणि त्याने ते बसवले कुठे, तर खोट्या मापाच्या आणि भेसळीच्या पंगतीला. एखाद्या काटेकोर श्रावकाने यावरून कोलंबोचा बेत रद्द केला, तर त्याला हसण्याचे कारण नाही.

तरी मला हा निवाडा इथे लागू होत नाही असे वाटते. एक सोपे उत्तर आहे: भारत आणि श्रीलंका ही विरोधी राज्ये नाहीत, प्रवासी चोरवाटेने जात नाही, पासपोर्टवर शिक्का बसतो, तिकीट उघड्यावर विकत घेतले जाते. पूज्यपादांनीही रीतसर मार्ग सोडून केलेल्या देवघेवीलाच दोष म्हटले आहे, आणि इथे रीत कुठेच सुटत नाही. पण हे उत्तर वकिली आहे. कायद्यात बसते ते सगळे अस्तेयात बसते, असे कोणताही धर्म म्हणत नाही. खरे विचारायचे ते हे, की चोरी म्हणजे दुसऱ्याच्या हक्काचे घेणे, तर मुंबईहून जे चढे भाडे पडते ते विमान कंपनीचे हक्काचे होते का? हक्काचे असेल तर कोलंबोला जाणे म्हणजे ते बुडवणे. नसेल तर तो नुसता नकार.

रास्त किमतीविषयी जुन्या विचारवंतांत आश्चर्य वाटावे इतके एकमत आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाला सांगितले आहे, की माल कुठून आला, कुठे जायचा आहे, किती काळ पडून राहिला, त्यात नफा किती आणि तोटा किती, हे पाहून भाव ठरवावा. कौटिल्याने देशी मालावर शंभरास पाच आणि परदेशी मालावर शंभरास दहा इतका नफा व्यापाऱ्याला मोकळा ठेवला. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्विनस या ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञाने तर वर्मावर बोट ठेवले: वस्तू देण्याने विकणाऱ्याचे काही खास नुकसान होत असेल तर त्याने जास्त मागावे, पण केवळ घेणाऱ्याची गरज मोठी आहे म्हणून जास्त मागू नये, कारण ती गरज काही विकणाऱ्याच्या मालकीची नाही. आपल्या देशातल्या 1937 च्या विमान नियमांपैकी 135 वा नियमही कंपन्यांना भाडे ठरवताना चालवण्याचा खर्च, सेवेचे स्वरूप, वाजवी नफा आणि प्रचलित दर लक्षात घ्यायला सांगतो. या सगळ्यांत भाव चिकटलेला आहे तो वस्तूला आणि खर्चाला. कोलंबो आणि मुंबईच्या भाड्यांतला फरक मात्र खर्चाने समजावता येत नाही. दुबईपासून पुढचे विमान एक, खुर्ची एक, जेवण एक. कोलंबो तर दुबईपासून मुंबईपेक्षा लांब. फरक पडतो तो प्रवासी कुठे उभा आहे यावरून: त्या शहरातून बड्या कंपन्यांचे किती अधिकारी ये-जा करतात, ते किती सोसू शकतात, स्पर्धा किती आहे. त्यात सरकारांची भर पडते. भारत आणि दुबई यांच्यातल्या करारात दोन्ही बाजूंच्या कंपन्यांना दर आठवड्याला प्रत्येकी सुमारे 65 हजार जागांची मर्यादा आहे आणि ती गेली कित्येक वर्षे वाढलेली नाही. जागा मोजक्या आणि घेणारे पुष्कळ, मग भाव घेणाऱ्याच्या खिशाकडे बघूनच ठरतो.

असा भाव मागायला कंपनी मोकळी आहे, हे मी मान्य करतो. ती मागणी आहे, आणि मागणी नाकारायला प्रवासीही तितकाच मोकळा आहे. अडलेल्याकडून हवे ते घेणे बरोबर नाही, हे तर आपले सरकारही अधूनमधून मान्य करते. डिसेंबर 2025 मध्ये एका मोठ्या कंपनीची उड्डाणे कोलमडली आणि तिकिटे आभाळाला भिडली, तेव्हा 500 किलोमीटरपर्यंत साडेसात हजार आणि 1500 किलोमीटरपुढे अठरा हजार अशी कमाल मर्यादा केंद्राने घातलीच. पनवेल परिसराला तर अडलेल्याचा भाव विमानाच्या आधीपासून माहीत आहे. सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हा शेतकऱ्याला आपले शेत उचलून जास्त भाव देणाऱ्या राज्यात नेता येत नव्हते. 1984 च्या जानेवारीत जासईच्या शेतकरी लढ्यात पाच जणांचे जीव गेले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव या विमानतळाला मिळावे म्हणून लोक रस्त्यावर आले, ते काही केवळ भावनेपोटी नव्हे. ज्याला जागेवरून हलता येत नाही त्याच्याकडूनच भाव काढला जातो. हलू शकणारा हलला, तर त्याने कुणाच्या हक्कावर घाला घातला असे म्हणता येत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो श्रीलंकेच्या प्रवाशाच्या बाजूने. तिथले भाडे कमी आहे कारण तिथली मिळकत कमी आहे. मुंबईकडच्या सुखवस्तू माणसाने ती खुर्ची अडवली, तर ज्याच्यासाठी ती स्वस्त होती त्याला महाग खुर्ची उरेल. हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. पण सवलत आणि बाजारभाव यांत भेद करायला हवा. एसटीत 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे, महिलांना अर्धे तिकीट आहे. खोटे वय सांगून त्याचा फायदा घेणारा चोरच, कारण ती सवलत त्या माणसाला दिलेली आहे. कोलंबोचे भाडे श्रीलंकेच्या नागरिकाला दिलेले नसते, तिथून निघणाऱ्याला दिलेले असते, आणि पनवेलचा माणूस खरोखरच तिथून निघतो. तो कुणाचे सोंग घेत नाही. कंपनीला गरिबांसाठी खुर्च्या राखायच्या असत्या, तर ओळखपत्र मागणे तिला अवघड नव्हते.

याच कसोटीवर दुसरी एक युक्ती मात्र टिकत नाही. काही जण पुढच्या शहराचे स्वस्त तिकीट काढतात आणि मधल्याच शहरात उतरून जातात. ओस्लो-सिअ‍ॅटल आणि परत असे तिकीट काढून परतीत फ्रँकफर्टलाच ओस्लोचे विमान सोडणाऱ्या एका प्रवाशावर लुफ्तान्साने सुमारे 2,100 युरोंचा दावा लावला होता. जादा आकारणीचे गणित पारदर्शक नाही म्हणून बर्लिनच्या न्यायालयाने 2018 च्या डिसेंबरात तो फेटाळला. निकाल प्रवाशाच्या बाजूने गेला तरी धर्माचा प्रश्न मिटत नाही, कारण शेवटचा टप्पा करायचा नाही हे ठरवूनच तो विकत घेतलेला असतो. खोटे मोठ्या कंपनीशी बोलले म्हणून ते खरे होत नाही.

कराच्या बाबतीत माझी भूमिका एवढी ठाम नाही. भारतातून निघणाऱ्या प्रवासावर इकॉनॉमीला 5 टक्के आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वरच्या वर्गांना 18 टक्के जीएसटी आहे. तीन लाख भाडे धरले तर चौपन्न हजार. मुंबईहून सुरू होणाऱ्या तिकिटावर ही रक्कम ‘के-3’ या खुणेसमोर छापलेली असते. कोलंबोहून निघणाऱ्या तिकिटावर तो के-3 दिसतच नाही. कायद्याने प्रवासी चढतो ते ठिकाण धरले आहे, तेव्हा बेकायदा काही नाही. ब्रिटनने 1994 मध्ये विमानप्रवासावर कर बसवला, आणि आयर्लंडने आपला असा कर 2014 मध्ये काढून टाकला; तेव्हापासून लांबच्या प्रवासाला डब्लिनहून निघणारे ब्रिटिश कमी नाहीत. पण मुंबईच्या चढ्या भाड्याविरुद्ध वर जे म्हटले, ते कराविरुद्ध म्हणता येत नाही. कर माणसाची अडचण पाहून लावलेला नसतो, सगळ्यांना सारखा असतो, आणि तो जातो सामाईक तिजोरीत. केवळ के-3 चुकवायला कोणी कोलंबो गाठत असेल, तर पूज्यपादांचा डाग त्याला पुसता येणार नाही.

एवढे झाल्यावर कोलंबोचा प्रवासी निर्दोष सुटला असे वाटेल. माझ्या मते त्याच्यावरचा आरोप चुकीच्या व्रताखाली ठेवला गेला. तत्त्वार्थसूत्राच्या त्याच अध्यायात, थोडे अलीकडे-पलीकडे, गृहस्थाची आणखी दोन व्रते आहेत. एक दिग्व्रत: कोणत्या दिशेला किती अंतरापर्यंत जायचे याची मर्यादा आयुष्यभरासाठी घालून घेणे. (त्यात खालची आणि वरचीही दिशा मोजली आहे, म्हणजे विमानाची सोयही झाली.) या व्रताच्या अतिचारांत क्षेत्रवृद्धी आहे, आणि तिचे कारण पूज्यपादांनी लोभ असे दिले आहे. दुसरे अनर्थदंडविरती: प्रयोजन नसताना होणारी हिंसा टाळणे. मुंबईहून कोलंबो सुमारे दीड हजार किलोमीटर दक्षिणेला. तिथे जाऊन पुन्हा वायव्येला वळायचे, येताना तेच. एका प्रवासात तीन हजार किलोमीटर असे जातात, की ज्यांच्या शेवटी भेटणारे माणूस नाही, करायचे काम नाही, दर्शन घ्यायचे देऊळ नाही. त्या इंधनाचा धूर ज्यांच्या वाट्याला येतो त्यांना यातली एक पैही मिळत नाही. विमान तसेही जाणारच होते, हे समर्थन इथे चालत नाही. तशाच प्रवाशांच्या भरवशावर उद्या दुसरे विमान वाढते.

बचत हेच प्रयोजन नाही का, असे कोणी विचारील. असू शकते, परदेशातल्या लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आईचा प्रवास त्यामुळे शक्य होत असेल तर मी ते प्रयोजन मानीन. पण व्यवहारात इकॉनॉमीच्या एका तिकिटावर जे सुटते ते मुंबई-कोलंबोच्या जाण्यायेण्यात, बॅगांच्या वजनात आणि एखाद्या रात्रीच्या हॉटेलात बहुधा जिरून जाते. ही युक्ती फळते ती मुख्यतः बिझनेस आणि फर्स्ट क्लासला. म्हणजे वाचवलेल्या पैशाने गरज भागत नाही, तर आडवे होऊन झोपण्याची खुर्ची आवाक्यात येते. ती खुर्ची वाईट आहे असे नाही, सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्याला तिचे मोल विचारा. मात्र दिग्व्रतात मर्यादा आधी ठरते आणि भाव नंतर कळतो. कोलंबोचा बेत करणाऱ्याकडे आधी भाव दिसतो आणि मग नकाशा ताणला जातो. वर्षाला एवढेच किलोमीटर उडायचे असे कोणी आधी ठरवले, आणि कोलंबोचे तीन हजार त्याच खात्यात टाकून एखादी सहल कमी केली, तर त्याला या दोन्ही व्रतांचे आक्षेप लागत नाहीत. तसे न करणाऱ्याने निदान विमान कंपनीच्या नफेखोरीकडे बोट दाखवू नये. तिचे त्याने काही चोरलेले नाही, आणि ज्यांचे तो घेतो आहे ते तिच्या खात्यात नाहीत.