सार कोणी निवडायचं?

आज दासबोध, दशक 4, समास 1. नवविधा भक्तीतली पहिली, श्रवणभक्ती.

माझ्या दोन्ही कानांना मशीन आहे, त्यामुळे हा समास मला जरा अडवतोच. काय काय ऐकावं याची समर्थ भली मोठी यादी देतात आणि शेवटाकडे सांगतात की त्यातलं सार शोधून घ्यावं, असार ओळखून सोडावं. म्हणजे निवड ऐकणाऱ्याने करायची.

आता आमचं रविवारचं अभ्यासमंडळ. कोणीतरी काही बोलतं, सगळे हसतात. मी शेजारच्याला विचारतो, "काय म्हणाला?" उत्तर येतं, "जाऊ दे रे, विशेष काही नाही." सांगणारा प्रेमळच असतो. पण सार-असार त्याने माझ्या वतीने ठरवून टाकलं. आणि खरं सांगू? मैत्री त्या "विशेष काही नाही"वरच चालते. निरूपण मी घरी ग्रंथात वाचेन, तो फालतू विनोद कुठे वाचणार?

मशीन म्हणजे चष्मा नव्हे. माझं वरच्या फ्रिक्वेन्सीचं ऐकणं गेलंय. स्वर येतात, स, श, त, फ निसटतात. आवाज येतो, शब्द लागत नाही. (ओरडलात तर स्वरच जास्त मोठे होतात!) मशीन बोलण्याबरोबर पंखा, झांजा, प्रसादाच्या वाट्या, सगळंच वाढवतं. ऑफिसच्या कॉलवर एका वेळी एकच जण बोलतो, खाली कॅप्शन असतात. तिथे माझं काही अडत नाही. सत्संगात अडतं. कान तेच!

मग श्रवण ही एकट्या श्रोत्याची जबाबदारी का? मला नाही वाटत. दासबोध म्हणजे गुरुशिष्यांचा संवाद. श्रोता मध्येच शंका काढतो, वक्ता उलगडून सांगतो. विचारणं तिथे विघ्न नाही. म्हणून मी विचारत राहतो, तिसऱ्यांदासुद्धा. समोरच्यानेही तोंड माझ्याकडे करावं, तेच वाक्य ओरडण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगावं.

हल्ली आम्ही उजेडात, गोल बसतो. एका वेळी एकच जण बोलतो. पंखा मात्र चालूच, मे महिन्यात तेवढं मागायची माझी हिंमत नाही. परवा एक काका हळूच म्हणाले, "बरं झालं. मलाही दोन वर्षं नीट ऐकू येत नव्हतं."

उद्या समास 2, कीर्तनभक्ती.