गुरुदक्षिणेचं गणित

आदिवासी मुलांच्या निवासी शाळांना सरकारने एकलव्याचं नाव दिलंय आणि खेळातल्या प्रशिक्षकांच्या पुरस्काराला द्रोणाचार्यांचं. अंगठ्याचा विषय मात्र कुणी काढत नाही.

मी ब्रह्मपुरी-वडसा भागात लग्नसराईत बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो आणि पावसाळ्यात पोरांना शिकवतो. शिकून झालं की पोरं दुसऱ्या बँडमध्ये जातात, नाहीतर वडशाच्या एखाद्या झाडीपट्टी नाटक कंपनीत. माझं नाव कुणी घेत नाही. शिष्य गुरूचं देणं लागतो का? आणि लागत असेल, तर कोणत्या नाण्यात?

अँथनी गोन्साल्विस हे नाव तुम्ही वरातीत नाचताना ऐकलंय. हा माणूस खरा होता. जन्म १९२७ चा, गोव्यातल्या माजोर्ड्याचा. गोव्यात तेव्हा चर्चच्या शाळांत गावच्या पोरांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. म्हणून तर मुंबईत रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवणाऱ्यांत एवढे गोवेकर. अँथनी नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवायचे. प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन हे त्यांचे विद्यार्थी. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय रागांवरच्या स्वतःच्या रचना भल्यामोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. पुढे अमेरिकेला गेले, परतल्यावर सिनेमापासून लांबच राहिले.

१९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त नायकाचं आडनाव आधी फर्नांडिस ठरलं होतं. प्यारेलालनी ते बदलून घेतलं, गुरूचं टाकलं. पडद्यावर त्या नावाचा माणूस मोठ्या अंड्यातून बाहेर येतो आणि लोक हसतात. मला ही दक्षिणा गोड वाटते, पण अपुरी. नाव घराघरांत पोचलं, १९५८ चं संगीत नाही पोचलं. खरी फेड प्यारेलालनी आधीच केली होती, गाण्यागाण्यात व्हायोलिनचे थवे उडवून. तिथे गुरूचं नाव नाही, तालीम आहे.

तालीम जाते कशी, ते मात्र विचित्र आहे. माझ्या मास्तरांची छाती बिडीने गेली होती. एका धूनमध्ये ते ओळीच्या मधोमध श्वास घ्यायचे. मीही तिथेच घेतो. परवा माझ्याकडून शिकून गेलेला एक पोरगा आरमोरीला दुसऱ्या बँडमध्ये वाजवताना ऐकला. वय एकोणीस, बिडीला हात लावलेला नाही. श्वास तिथेच घेतला.