लोंबी निवडताना

धानाची कापणी लागली की सिंदेवाही तालुक्यात दिवसा घरी कोणी सापडत नाही. अभ्यासिकेतल्या खुर्च्या मात्र भरलेल्या असतात. खालचं बोलणं या दोन ठिकाणच्या माणसांमधलं आहे. मामा पावसाच्या पाण्यावर धान पिकवणारे आणि भाची काही वर्षांपासून स्पर्धा परीक्षा देणारी. नुकताच एक निकाल लागला होता, यादीत तिचं नाव नव्हतं. ती मदतीला म्हणून बांधीवर आली होती.

भाची : मामाजी, आता एक वाक्य मला ऐकवत नाही. 'निकालाचं सोड, तयारीचा आनंद घे.' ज्याचं नाव यादीत लागलं त्याला हे कोणी सांगत नाही जी. त्याच्या घरी पेढे घेऊन जातात.

मामा : पण वाक्य खोटं आहे का?

भाची : खोटं नसेल. ते कोणाला सांगतात ते पाहा. 2023 च्या तलाठी भरतीला जागा साडेचार हजारांच्या आसपास होत्या आणि अर्ज 10 लाखांहून जास्त. जागा देता येत नाहीत, म्हणून बाकीच्यांनी आनंद घ्यावा?

मामा : मी तुला दादाजींचं सांगणार होतो.

भाची : खोब्रागडे? नांदेडचे?

मामा : हो, आपल्या तळोधीजवळच्या नांदेडचे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन थोडीशी. 1983 मध्ये त्यांच्या बांधीत 'पटेल 3' लावलेला होता. त्यात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर. दुसऱ्या कोणी भेसळ समजून भाऱ्यात बांधल्या असत्या. त्यांनी त्या पिशवीत जपून ठेवल्या. पुढच्या वर्षी बांधीच्या मधोमध पेरल्या आणि रानडुकरांनी नासधूस करू नये म्हणून भोवती काट्या लावल्या. मग पुन्हा निवड, पुन्हा पेरणी. आपल्याकडे हा धान वर्षातून एकदाच येतो. आषाढात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कार्तिकात मिळतं. बी एकसारखं उतरलं की पुन्हा वेगवेगळं निघालं, ते तेव्हाच कळतं. 1990 च्या सुमारास तो बारीक धान तळोधीच्या बाजारात गेला. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांची चलती होती, व्यापाऱ्याने तेच नाव ठेवलं. सात वर्षं, बाई. ना पगार, ना कोणती यादी. कामातच काही मिळत असल्याशिवाय माणूस इतकी वर्षं टिकतो का?

भाची : आणि पुढचं? ते का गाळता? 1994 मध्ये आपल्या सिंदेवाहीच्याच कृषी संशोधन केंद्राने त्यांच्याकडून बियाणं नेलं. 1998 मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा 'पीकेव्ही एचएमटी' आला. विद्यापीठ म्हणालं, आम्ही शास्त्रीय पद्धतीने वाण शुद्ध केला. दादाजी शेवटपर्यंत म्हणत राहिले की माझं श्रेय मला मिळालं नाही. घरातल्या आजारपणात त्यांना जमीन विकावी लागली. 2005 मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हातून पुरस्कार मिळाला, आणि 3 जून 2018 ला शोधग्रामच्या दवाखान्यात ते गेले. बाहेरच्या राज्यांतही त्यांचा धान पिकतो. मामाजी, तुम्ही मला आनंदाचं उदाहरण देता की माझ्या भीतीचं?

मामा : (थोडं थांबून) दोन्हीचं असेल. पण एचएमटीनंतर ते थांबले नाहीत, हे पाहा. नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न, डीआरके. श्रेयाचा वाद चालू असतानाही नवे वाण येत होते. पैशासाठीच असतं तर पहिल्या फसगतीनंतर सोडलं असतं.

भाची : किंवा दुसरं काही हातात नव्हतं. त्यांच्या मनातलं तुम्हाला काय माहीत?

मामा : मनातलं नाही सांगता येणार. केलेलं तेवढं दिसतं. आणि आपल्याकडे हे सांगून ठेवलेलंच आहे, काम करावं, फळाची आस धरू नये. विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांना गीता समजावून सांगितली, त्यातही फळाचा त्याग हाच गाभा. फळाची काळजी गेली की सगळं लक्ष कामात उतरतं.

भाची : त्याग करायला फळ आधी आपलं असावं लागतं. मी ते सोडलं तर तो माझा त्याग. दुसऱ्याने नेलं आणि मग मला म्हणाला, आस धरू नको, तर त्याला काय म्हणायचं?

इथे मला मधे बोलल्यावाचून राहवत नाही. मी पूर्णपणे भाचीच्या बाजूने आहे. कामाच्या आनंदावर आपल्याकडे फार सुंदर बोललं गेलं आहे, पण ते बोलणं वरून खाली वाहतं. रोवणीला वाकलेल्या बाईला, अंगणवाडीच्या सेविकेला, तिसरी शिकलेल्या शेतकऱ्याला सेवेचं समाधान सांगितलं जातं आणि मोबदल्याच्या जागी तेच मोजून दिलं जातं. आनंद ज्याचा त्याला झालेला असतो, तो देणारे आपण कोण? त्याची किंमत मजुरीतून वजा करण्याचा अधिकार तर कोणालाच नाही. मात्र मामांच्या बोलण्यात एक गोष्ट अजून यायची होती, आणि तिने मला विचारात पाडलं.

मामा : फळाचं तू म्हणतेस ते मान्य. ज्याचं त्याला मिळालं पाहिजे. पण तू 'प्रक्रिया एकीकडे, ध्येय दुसरीकडे' असं धरून बोलतेस. बी निवडताना तसं होत नाही. इकडे ये. या बांधीतून पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी लोंब्या निवड.

भाची : कोणत्या?

मामा : तेच. कोणत्या, हे कशावरून ठरवशील? दाणा कसा हवा, किती दिवसांत यायला हवा, वाऱ्याने पडायला नको, शिजल्यावर भात कसा हवा. हे सगळं डोक्यात असेल तरच ही लोंबी घेशील, ती सोडशील. ध्येय सात वर्षं लांब नसतं, प्रत्येक लोंबीपाशी हजर असतं. ध्येय काढून टाकलं तर निवडायला काही उरतच नाही, नुसतं बांधीतून फिरणं होईल. म्हणून 'निकाल विसर आणि मजा घे' हे मीही म्हणणार नाही. निकाल रोजच्या कामात उतरला पाहिजे.

भाची : माझ्या अभ्यासात तो उतरत नाही, मामाजी. खरं सांगते. चार पर्यायांतल्या एकावर खूण केली, उत्तर बरोबर निघालं. त्याने जगात काय बदललं? धान तुम्हाला दरवर्षी उत्तर देतो. मला काही वर्षांनी एक उत्तर मिळतं, तेही हो किंवा नाही. 'नाही' का आलं, ते कोणी सांगत नाही.

मामा : एकही पान असं नाही, ज्याच्यापाशी तू थांबलीस?

भाची : (बऱ्याच वेळाने) वनहक्क कायदा. 2006 चा. त्या धड्यात मेंढा-लेखा गावाचं होतं, धानोरा तालुक्यातलं. तिथे लोक अभ्यासगट करून कायदा वाचत, चर्चा करत, सगळ्यांची सहमती झाल्यावरच निर्णय घेत. 2009 मध्ये त्यांना जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू नेण्याच्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात यायला 2011 उजाडलं. दोन वर्षं ते कागदावरचा हक्क हातात आणायला भांडले. ते वाचताना मी परीक्षेत किती गुणांना येईल हे पाहिलं नाही. नियम काढून वाचले, दाव्याला कोणते पुरावे चालतात ते वहीत उतरवलं. आपल्या शेजारच्या टोल्यावरच्या एका म्हाताऱ्याला तीन वर्षांपासून कोणता कागद कमी आहे ते कळत नव्हतं. मला कळलं.

मामा : मग तिथे तुला उत्तर मिळालं.

भाची : मिळालं. पण त्याने माझी नोकरी लागत नाही.

मामा : नाही लागत. पुढची जाहिरात निघाली तर?

भाची : भरीन. वयात बसते तोवर भरीन. घराला पगाराची गरज आहे, ती आनंदाने भागत नाही. पण टोल्यावरचे दावे अडकलेत, त्यांचे कागद लावून देण्याचं काम मी घेणार आहे. आणि त्याचे पैसे ग्रामसभेला मागणार आहे.

मामा : गावाच्या कामाचे पैसे?

भाची : हो जी. किती ते सभेने सगळ्यांसमोर ठरवावं, नोंदवहीत लिहावं. दादाजींना आधी कोणी विचारलं नाही, नंतर वाद झाला. मी पहिल्या दिवशीच विचारणार.

मामा : पैसे ठरले की त्यातला आनंद कमी होईल, असं नाही वाटत?

भाची : तुम्ही धान विकता तेव्हा होतो का?

मामा : भाव चांगला मिळाला तर नाही होत.

भाची : मग द्या तो विळा इकडे.