अरण्यकांड, सर्ग नववा : ठेव म्हणून दिलेली तलवार



कालच्या सर्गाच्या शेवटी सुतीक्ष्ण ऋषींचा निरोप घेताना सीतेनेच दोघा भावांच्या हातात भाते, धनुष्यं आणि तलवारी दिल्या होत्या. आज तीच सीता चालता चालता रामाला शस्त्रांबद्दल चार शब्द सुनावते. हा सर्ग बरेच जण भरभर वाचून पुढे जातात, कारण पुढे अगस्त्य, पंचवटी, शूर्पणखा असं सगळं वेगवान आहे. पण माझ्या मते अरण्यकांडातला हा सगळ्यात धाडसी सर्ग आहे.

सीता म्हणते, माणसाला इच्छेतून तीन दोष लागतात. खोटं बोलणं, परस्त्रीची अभिलाषा आणि वैर नसताना केलेली हिंसा. पहिले दोन तुमच्यात नाहीत, होणारही नाहीत. पण तिसरा मात्र मला समोर दिसतोय. आणि मग ती एक गोष्ट सांगते. एक तपस्वी वनात राहत होता. त्याचं तप मोडावं म्हणून इंद्र योद्ध्याच्या वेषात आला आणि एक तलवार त्याच्याकडे ठेव म्हणून ठेवून गेला. बाकी काही नाही. अप्सरा नाही, वज्र नाही. ऋषी प्रामाणिक, ठेव हरवू नये म्हणून कंदमुळं आणायलाही तलवार बरोबर घेऊन जायचा. रोज बरोबर असायची, हळूहळू हाताला सवय झाली, मग मनाला झाली, आणि शेवटी तो क्रूर होऊन नरकात गेला.

मला यातला इंद्राचा हिशोब फार थंड वाटतो. त्याने ऋषीला कुणालाही मारायला सांगितलं नाही. फक्त वस्तू घरात ठेवली.

आता आजच हे का लिहितोय ते सांगतो. माझी ताई निफाड तालुक्यात दिली आहे, दाजींची द्राक्षबाग आहे. भाचा तेरा वर्षांचा झाला आणि त्याला छर्ऱ्याची बंदूक हवी आहे. दाजींचीही ना नाही. मण्यात पाणी उतरलं की बुलबुल, साळुंक्या, पोपट बागेवर तुटून पडतात. पोरगं सुट्टीत बसेल राखणीला, आणि जमलं तर एखादा होला, एखादा तित्तर. मॉडेल निवडायचं काम माझ्याकडे, कारण घरात मोबाइलपासून मिक्सरपर्यंत सगळ्याचे रिव्ह्यू मी वाचतो अशी माझी ख्याती आहे.

तर स्पेसिफिकेशन बघायला मजा येते हे मान्य करतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा म्हणजे .177 इंच. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे यापेक्षा मोठ्या व्यासाच्या किंवा 20 ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागतो, त्याखालच्या अशाच मिळतात. खऱ्या बंदुकीच्या परवान्याला एकवीस वर्षं पूर्ण लागतात, नेमबाजी शिकणाऱ्या मुलांना फक्त प्रशिक्षणापुरती सूट आहे. नळी मोडून कॉक करायची स्प्रिंगवाली बंदूक असेल तर तेरा वर्षांच्या हाताला ती ताणणं जड जातं. दस्ता लांब असेल तर मूल मान वाकडी करून नेम धरतं आणि तीच सवय लागते. म्हणजे निवडण्यासारखं पुष्कळ आहे. एक संध्याकाळ मी त्यात आरामात घालवली असती.

पण कायद्याचं दुसरं टोकही बघावं लागतं. बंदुकीला परवाना लागत नाही म्हणून होला मारायला परवानगी मिळते असं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दात मारणं तर आलंच, जखमी करणं, पकडणं, घरटं किंवा अंडी फोडणं आणि यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्नसुद्धा आला. निफाडमध्येच नांदूरमधमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. हिवाळ्यात पाहुणे पक्षी तिथे उतरतात त्याच सुमारास द्राक्षात गोडी भरत असते. पक्ष्याला अभयारण्याची हद्द कुठे कळते?

तरी कायदा हे माझं खरं कारण नाही. समजा कायदा नसता, तर काय? मग आजचा सर्गच पुढे येतो. उन्हाळ्याची सुट्टी, दुपारी सगळे झोपलेले, हातात बंदूक, डब्यात छर्रे. डबे-बाटल्या फोडून दोन दिवसांत कंटाळा येणार. मग बांधावरची खार दिसणार. खारीशी त्याचं काय वैर आहे? सीतेचा तिसरा दोष असाच येतो, रागातून नव्हे, रिकाम्या दुपारीतून. आमच्याकडे नव्या इंजिनियरला पहिल्या दिवशी प्रॉडक्शनचा ॲक्सेस देत नाहीत. तो वाईट असतो म्हणून नाही. हाताशी असलेली गोष्ट माणूस वापरून बघतो म्हणून.

दाजींचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. बागेवर वर्षाचं कर्ज असतं आणि टोचलेला मणी एक्स्पोर्टला चालत नाही. तिथे पक्षी म्हणजे नुकसान, ही वैर नसलेली हिंसा म्हणता येणार नाही. पण मग उपाय नुकसानीला हवा. जाळी आहे, चमकपट्ट्या आहेत, फटाके आहेत. थव्यातल्या तीन पक्ष्यांना छर्रा लागला तर बाग वाचत नाही, हे दाजींनाही माहीत आहे. बंदूक बागेसाठी नाही, पोरासाठी आहे. निदान तेवढं तरी सरळ बोलू या.

ताई म्हणाली, तू रविवारी मटण आणतोस ते चालतं का? हा प्रश्न टोचतो. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध आहे, मांस विकणारा, आणि एक तपस्वी ब्राह्मण त्याच्याकडे धर्म शिकायला जातो. तो व्याध सांगतो की मी स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो, आणि मी स्वतः खात नाही. मी बरोबर उलटा आहे, मारत नाही, विकत नाही, फक्त खातो. तेव्हा शिकाऱ्यापेक्षा मी पवित्र आहे असं म्हणायची माझी टाप नाही. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर पोरांच्या गळ्यात गलोर असायची, ती भुकेपोटी आणि रीत म्हणून. तिथे वनखात्याने गलोरी जमा करायची मोहीम घेतली तेव्हा मुलांनी आपणहून त्या आणून दिल्या. त्या पोरांनी हातातलं दिलं, आणि आम्ही भरल्या पोटी नवी विकत घ्यायला निघालोय. फरक भुकेचा आहे. ताटातलं मटण आणि मजेखातर पाडलेला होला यांत मला तो फरक दिसतो, पण माझ्या ताटाचा प्रश्न त्याने सुटत नाही, तो वेगळा उरतोच.

दुसरी बाजू अजून मजबूत आहे, आणि ती मुंबईतच घडलेली आहे. सालिम अली. जन्म 1896, आईवडील लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी वाढवलं. मामा स्वतः शिकारीचे शौकीन. दहा-बारा वर्षांच्या सालिमने खेळण्यातल्या एअरगनने एक चिमणी पाडली, आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. मामाने त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. तिथे मिलर्ड साहेबांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं त्या मुलाला उघडून दाखवली. त्यातून भारताला त्याचा सगळ्यात मोठा पक्षितज्ज्ञ मिळाला. आत्मचरित्राच्या नावातही ती पडलेली चिमणी आहे. मग बंदूक वाईट कशी?

मी यावर दोन दिवस विचार केला. मला वाटतं सालिमला बंदुकीने घडवलं नाही. त्या काळात मुंबईच्या सुखवस्तू घरांत एअरगनी काही कमी नसतील. घडवलं ते त्या मुलाला चिमणी उचलून नीट बघावीशी वाटली, त्याने विचारलं, आणि मोठ्यांनी त्याचा प्रश्न हसण्यावारी नेला नाही, या गोष्टींनी. बघणं हे पाडण्यानंतर आलं, हा त्या काळाचा भाग. आज दुर्बिणीने ते आधी येऊ शकतं.

आणि न बघता पाडणं काय करतं तेही आपल्याच ग्रंथात आहे. दशरथ. शब्दवेधी तरुण युवराज. अंधारात शरयूच्या काठी घागर भरल्याचा आवाज आला, त्याला हत्ती वाटला, बाण सोडला. आंधळ्या आईबापांचा एकुलता एक मुलगा गेला. दशरथ दुष्ट नव्हता. त्याला आपलं कौशल्य वापरून बघायचं होतं, इतकंच. बंदुकीच्या सुरक्षिततेचा पहिला धडा आजही हाच शिकवतात : निशाण काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे दिसल्याशिवाय बोट ट्रिगरवर न्यायचं नाही.

मग मला आदिपर्व आठवलं. पक्ष्याचा डोळा आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलाय, मोटिव्हेशनल स्पीकर तर त्यावर जगतात. पण एक तपशील सगळे गाळतात. झाडावरचा तो पक्षी खरा नव्हता. द्रोणांनी तो कारागिरांकडून बनवून घेतला होता. शिष्य राजपुत्र होते, क्षत्रिय होते, पुढे मृगयेला जाणारच होते आणि गेलेही. तरी परीक्षेला गुरूने बनवलेला पक्षी ठेवला. का, ते व्यास सांगत नाहीत. मला एवढं दिसतं की एकाग्रता शिकवायला जीव लागत नाही हे द्रोणांना माहीत होतं.

तेव्हा ताईला मी कळवलंय. बंदूक हवीच असेल तर ती नाशिकला, रेंजवर. आपल्या गावाला ही परंपरा आहे. पोलीस खात्यातून निवृत्त झालेले भीष्मराज बाम सरांनी इथे नेमबाजी रुजवली, योग आणि एकाग्रता यांची सांगड घालून देशातल्या किती खेळाडूंना तयार केलं. त्यांचं ‘विजयाचे मानसशास्त्र’ अजून वाचलं नसेल तर वाचा. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छर्ऱ्यापेक्षा नऊपट लहान. साठ फैरींत श्वास, मन आणि बोट एकाच ठिकाणी आणायचं. होला पाडणं यापुढे फार सोपं आहे. आणि रायफल सरावानंतर क्लबच्या कपाटात राहते. ऋषीला हे सुचलं असतं तर तो वाचला असता.

दाजींना अजून पूर्ण पटलेलं नाही. जाळीचं कोटेशन आलंय, ते बंदुकीच्या कितीतरी पट आहे, आणि ते मलाही दिसतंय. निम्मा भार मी उचलतो म्हटलं तर ताई रागावली. ते चालू आहे.

भाच्याने मात्र फोनवर अडवलं. म्हणाला, मामा, रामाने पंचवटीत हरणाच्या मागे धाव घेतली ना? सीतेनेच सांगितलं ना? जिवंत नाही मिळालं तर कातडं तरी आणा म्हणाली. मग नवव्या सर्गातली सीता खरी की पुढची? तपोवनात आरतीला नेलं होतं तेव्हा हे ऐकून होता तो. मी म्हटलं, दोन्ही खऱ्या. राम तर तिथे उघड म्हणतो की राजे मांसासाठी आणि करमणुकीसाठीही मृग मारतात. मी ते झाकून ठेवणार नाही. त्या एका पाठलागाने पुढे काय ओढवलं हे त्याला माहीत आहे, तो गप्प झाला. पटलं म्हणून की कंटाळला म्हणून, सांगता येत नाही.

उद्या सर्ग दहावा. सीतेला राम काय उत्तर देतो, आणि ऋषींना दिलेल्या शब्दाचं काय, ते वाचू. जमलं तर आज रात्री नववा मूळ संस्कृतातून एकदा वाचून ठेवा, अगदी छोटा सर्ग आहे.

श्रीराम जय राम जय जय राम.