विमानतळावर जाताना

बहिणीचा मुलगा नोकरीसाठी कुवेतला निघाला होता. विमान संध्याकाळचे होते. आखाताला जाणाऱ्याला निरोप द्यायला अख्खे घर गाडी करून विमानतळापर्यंत जाते, ही आपल्या वसईतली जुनी रीत. जाणारा एक आणि पोहोचवणारे आठ! मी मोठी गाडी ठरवायला फोन हातात घेतला, तेवढ्यात तो म्हणाला, "मामा, गाडी नको. मी आणि आई लोकलने जातो."

मी चिडलोच. "परदेशी चाललास आणि लोकलने? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे कोण, मामा? लोक तर रोज लोकलनेच जातात."

यावर मला उत्तर सुचले नाही. मीही त्यांच्याबरोबर निघालो.

पूर्वी अंधेरीला उतरून सामानासह रिक्षा शोधावी लागे. 2014 साली घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये भुयारी मेट्रोचा पहिला टप्पा. आता वसई रोडहून लोकलने अंधेरी, तेथून मेट्रोने मरोळ नाका आणि तिथे गाडी बदलली की पुढचेच स्थानक टर्मिनल दोनचे. सकाळची गर्दी ओसरल्यावर आम्ही निघालो. अंधेरीच्या पुलावर दोन अनोळखी मुलांनी न सांगता बॅग उचलून दिली. बहिणीला संकोच वाटला. मलाही.

त्या संकोचाचा मी नंतर पुष्कळ विचार केला. गाडी करताना आपण केवळ सोय विकत घेतो का? की कोणाचे उपकार घ्यावे लागू नयेत याचीही किंमत मोजतो? गाडीची काच वर केली की कोणाला 'जरा सरका' म्हणावे लागत नाही आणि आपल्यालाही कोणासाठी सरकावे लागत नाही. याला आपण स्वावलंबन म्हणतो. पण दुसऱ्याची मदत घेता न येणे हासुद्धा एक प्रकारचा अहंकार असू शकतो.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी वागण्याची एक कसोटी सांगितली. आपण ज्या नियमाने वागतो तो सर्वांचाच नियम व्हावा, असे आपल्याला म्हणता येईल का? प्रत्येक प्रवाशामागे एक मोठी गाडी निघाली तर काय होते, हे द्रुतगती मार्गावर अडकलेल्या कोणालाही विचारावे. त्या कोंडीत रुग्णवाहिकाही अडकते. आपला आराम कोणाच्या तरी वेळेतून येतो.

मात्र ही कसोटी दोन्ही बाजूंनी लावली पाहिजे. सकाळी आठच्या लोकलमध्ये दोन अवजड बॅगा घेऊन चढणारा तीन माणसांची उभी राहण्याची जागा अडवतो. कामावर जाणाऱ्यावर तोही अन्यायच. शिवाय आखाताची बरीच विमाने मध्यरात्री किंवा पहाटे सुटतात, आणि तेव्हा काही तास मेट्रो व लोकल दोन्ही बंद असतात. वृद्ध, आजारी, तान्हे मूल घेऊन निघालेली आई यांना गाडी ही चैन नव्हे, गरज आहे. म्हणून लोकल म्हणजे पुण्य आणि गाडी म्हणजे पाप, असा सोपा हिशेब मांडता येत नाही. प्रश्न वाहनाचा नसून, निवड करताना दुसरा माणूस आपल्या नजरेसमोर असतो का, हा आहे.

मेट्रोत आमच्या समोर विमानतळावर काम करणारी काही मुले गळ्यात ओळखपत्रे घालून बसली होती. एवढी वर्षे मी विमानतळावर गेलो, पण ही मुले तिथे कशी पोहोचतात हा विचार कधी मनात आला नव्हता. भाच्याने त्यांच्यातल्या एकाला आत जायचा दरवाजा विचारला. तो मुलगा सोबत येऊन दाखवून गेला.

दारापाशी बहीण रडली. आठ माणसे असती तरी ती तेवढीच रडली असती.

आपल्या घरातून पुढच्या वेळी कोणी परदेशी निघेल तेव्हा गाडी ठरवण्यापूर्वी एवढेच विचारू या: ही गाडी आपल्याला हवी आहे, की लोकांना दाखवायला? खरोखर हवी असेल तर जरूर करावी. आणि एखादी जागा रिकामी असेल, तर त्याच दिवशी शेजारचे कोणी निघाले आहे का, तेही विचारावे.