तिकिटावरचं दुसरं नाव

२०२४ ची निवडणूक हरल्यानंतर वर्षभराच्या आत कमला हॅरिस यांचं ‘१०७ डेज’ हे पुस्तक आलं आणि विझत आलेला एक वाद पुन्हा पेटला. उपाध्यक्षपदासाठी टिम वॉल्झ यांच्याऐवजी जॉश शपिरो यांना घेतलं असतं तर? पुस्तकात हॅरिस यांनी आपली पहिली पसंती पीट बुटिजेज असल्याचं सांगितलं आहे. कृष्णवर्णीय स्त्री आणि समलिंगी पुरुष अशी जोडी मतदारांपुढे नेणं फार जोखमीचं वाटलं, म्हणून ते नाव मागे पडलं. झालं, जर-तरच्या यादीत आणखी एक भर. रिपब्लिकनांकडे तर २०२८ साठी व्हान्स आणि रुबिओ यांची जोडी आतापासूनच जुळवली जाते आहे. आपल्याकडचे अमेरिकेचे जाणकार, विशेषतः ज्यांची मुलं-सुना न्यू जर्सीत आहेत ते, या गणितात हिरिरीने उतरतात. अंदाज बांधण्याची मजा कोणी सोडावी असं मी म्हणणार नाही. पण नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी काय होईल, यापलीकडे ही चर्चा सरकतच नाही. त्या मंगळवारानंतरची चार वर्षं तिच्या हिशेबातच नसतात.

आणि मंगळवारचा हिशेब तरी कुठे धड असतो? शपिरोंच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं सरळ आहे. ते पेनसिल्व्हेनियाचे लोकप्रिय गव्हर्नर, पेनसिल्व्हेनियाची इलेक्टोरल मतं १९, राज्य निर्णायक; तेव्हा हॅरिस यांनी जिंकलेली लढाई हातची घालवली. आता बेरीज करू. हॅरिस यांना मिळाली २२६ मतं. त्यात १९ मिळवली की होतात २४५. लागतात २७०. शपिरोंनी आपलं राज्य आयतं आणून दिलं असतं, तरी अध्यक्ष ट्रम्पच झाले असते. यावर उत्तर तयार असतं: मिशिगनची १५ आणि विस्कॉन्सिनची १० मतंही त्यांच्यामुळे आली असती, म्हणजे बरोब्बर २७०! पण ती आली असती कशावरून? मध्यपश्चिमेतला साधा माणूस म्हणूनच तर वॉल्झ यांना घेतलं होतं. त्यांच्या मिनेसोटाला लागून असलेलं विस्कॉन्सिन हातचं गेलंच. खुद्द मिनेसोटात, जिथे ते दोनदा गव्हर्नर म्हणून निवडून आले होते, तिथेही २०२० मधलं बायडेन यांचं सुमारे सात टक्क्यांचं मताधिक्य हॅरिस यांच्या वाट्याला येताना चारच्या आसपास उरलं.

‘घरचं राज्य’ हा भ्रम जुना आहे आणि चिवट आहे. १९८८ मध्ये डुकाकिस यांनी टेक्सासचे लॉइड बेन्ट्सन यांना सोबत घेतलं. टेक्सासच्या कायद्यात तशी मुभा असल्यामुळे बेन्ट्सन एकाच दिवशी उपाध्यक्षपदासाठीही उभे होते आणि सिनेटसाठीही. मतदारांनी त्यांना सिनेटवर पाठवलं आणि अध्यक्षपदासाठी पसंत केलं बुश यांना. बुशही स्वतःला टेक्सासचेच म्हणवत, हे कबूल. पण मग घरच्या माणसाची जादू चालते कुणावर? २००४ मध्ये एडवर्ड्स यांचं नॉर्थ कॅरोलायना केरी यांना मिळालं नाही. २०१२ मध्ये पॉल रायन यांचं विस्कॉन्सिन रॉम्नी यांना मिळालं नाही. मग शेवटचा बुरूज म्हणून १९६० काढलं जातं: लिंडन जॉन्सन नसते तर केनेडी हरले असते. केनेडींची मतं ३०३. टेक्सासची २४ वजा करा, उरतात २७९. तेव्हा बहुमत होतं २६९ चं. इतर दक्षिणी राज्यांत जॉन्सन यांचा उपयोग झाला असणार, ते मी नाकारत नाही. पण ‘टेक्साससाठी जॉन्सन’ हे जे सूत्र पिढ्यान्‌पिढ्या घोकलं जातं, ते साध्या वजाबाकीत कोसळतं. क्रिस्टोफर डिव्हाइन आणि काइल कोप्को या दोन राज्यशास्त्रज्ञांनी तर या विषयावर पुस्तकं लिहून हा फायदा नगण्य असल्याचं दाखवून दिलं आहे. तरी दर चार वर्षांनी नकाशे रंगवले जातातच.

दुसऱ्या नावाने काहीच फरक पडत नाही, असंही काही जण म्हणतात. त्यांनी १९४५ आणि १९६३ विसरू नये; त्या दोन्ही वर्षी अध्यक्ष पदावर असताना गेले आणि दुसरं नाव खुर्चीत बसलं. ही जागा निरनिराळ्या समाजगटांना प्रतिनिधित्व देण्यासाठी आहे असं मानणाऱ्यांनी थेट अध्यक्षपद का मागू नये, हे मला कळलेलं नाही.

माझ्या मते इथे एकच भेद महत्त्वाचा आहे: पूरक आणि पर्याय. उमेदवारात जे कमी आहे ते भरून काढणारा तो पूरक. उमेदवार उद्या नसेल तर त्याच्या खुर्चीत बसून कारभार पुढे नेऊ शकेल तो पर्याय. सगळी चर्चा पूरकाची होते. उमेदवार म्हातारा असेल तर तरुण, उत्तरेचा असेल तर दक्षिणेचा, तोंडाळ असेल तर सौम्य. पण त्या पदाला राज्यघटनेने दिलेलं काम पर्यायाचं आहे; सिनेटमधली कोंडी फोडणारं मत आणि मतमोजणीचं अध्यक्षपद सोडलं तर दुसरं काम जवळपास नाहीच. स्टेपनी निवडताना ती गाडीच्या रंगाला शोभते का, हे कोणी पाहत नाही.

आपला गोंधळ होतो त्याला आपल्याकडचे दाखले कारण असावेत. महाराष्ट्रात उपमुख्यमंत्रिपद ही युतीतली वाटणी. घटनेत त्या पदाचा उल्लेखही नाही. दिल्लीतले उपराष्ट्रपती, राष्ट्रपतिपद रिकामं झालं तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक होईपर्यंत कारभार सांभाळतात. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी आणि १९७७ मध्ये बी. डी. जत्ती यांनी असाच हंगामी कारभार पाहिला. अमेरिकेत तसं नाही. तिथे उपाध्यक्षाला उरलेला सगळा कार्यकाळ मिळतो, नवी निवडणूक न होता. आठ अध्यक्ष पदावर असताना वारले, एकाने राजीनामा दिला. म्हणजे नऊ वेळा दुसरं नाव पहिलं झालं.

नुसता पूरक म्हणून घेतलेला माणूस तिथे पोहोचला की काय होतं, ते पहिल्याच वेळी, १८४१ मध्ये, दिसलं. अध्यक्ष हॅरिसन शपथविधीनंतर महिनाभरात वारले. व्हिग पक्षाने दक्षिणेतली मतं मिळावीत म्हणून घेतलेल्या टायलर यांनी पक्षाचीच बँक-विधेयकं नाकारली आणि पक्षाने त्यांना काढून टाकलं. लिंकन यांचं उदाहरण याहून दुःखद. १८६४ मध्ये ऐक्याचं प्रतीक म्हणून टेनेसीचे डेमोक्रॅट अँड्र्यू जॉन्सन तिकिटावर आले. दुसऱ्या शपथविधीनंतर सहा आठवड्यांत लिंकन यांची हत्या झाली आणि गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांच्या नागरी हक्कांचं भवितव्य, ज्याने पुढे त्या हक्कांचं विधेयकच नाकारलं अशा माणसाच्या हाती गेलं. १९४४ ची गंमत वेगळी. रूझवेल्ट यांची प्रकृती पाहता आपण पुढचा अध्यक्ष निवडतो आहोत, हे पक्षातल्या धुरीणांना ठाऊक होतं. ट्रुमन यांना निवडलं पर्याय म्हणून आणि वागवलं पूरक म्हणून; ८२ दिवस उपाध्यक्ष असलेल्या या माणसाला अणुबॉम्बची माहिती अध्यक्ष झाल्यावर दिली गेली. पुढे १९७७ पासून कार्टर यांनी मॉन्डेल यांना वेस्ट विंगमध्ये खोली आणि गुप्त कागद पाहण्याची मुभा दिली, तेव्हा कुठे हा वेडेपणा कमी झाला.

याला अपवाद आहेत. न्यूयॉर्कमधल्या गटबाजांना शांत करण्यासाठी घेतलेले चेस्टर आर्थर अध्यक्ष झाल्यावर नोकरभरतीतली वशिलेबाजी रोखणारा १८८३ चा कायदा करून गेले. पण ते दैव होतं, निवड नव्हती. लिंडन जॉन्सन पूरक होते आणि सिनेट चालवून मुरलेले असल्यामुळे पर्यायही होते. दोन्ही एकात सापडणं अशक्य नाही. प्रश्न आधी कोणता विचारला, याचा आहे.

माझ्या मांडणीला खरा धक्का बसतो तो माइक पेन्स यांच्याकडून. ते अस्सल पूरक. धार्मिक मतदारांसाठी घेतलेले. ६ जानेवारी २०२१ ला निकाल उलटवण्याच्या ट्रम्प यांच्या मागणीला त्यांनीच नकार दिला आणि मतमोजणी पुरी केली. उलट २०२४ मध्ये ट्रम्प यांनी व्हान्स निवडले ते आपल्या मार्गाचा वारस म्हणून, कुठलीही उणीव भरून न काढता. मग माझ्या कसोटीवर ट्रम्प पास? अर्धेच. पर्याय म्हणजे प्रतिकृती नव्हे. ज्याला स्वतःचं मत आहे आणि जो ते बंद दाराआड तोंडावर सांगू शकतो, तोच एकट्याने ती खुर्ची सांभाळू शकतो. पेन्स यांच्यात तेवढं स्वत्व निघालं. त्यासाठी कोणी त्यांना घेतलं नव्हतं, इतकंच.

म्हणून वॉल्झ यांच्या निवडीकडे मी पेनसिल्व्हेनियाच्या नकाशातून पाहत नाही. बायडेन यांनी २०२० मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, सहकारी निवडली तेव्हा चर्चा वर्णाची आणि लिंगाची झाली. प्रत्यक्षात ती चार वर्षांनंतरच्या उमेदवाराची निवड होती. २१ जुलै २०२४ ला ते बाजूला झाले तेव्हा पक्षापुढे दुसरं नाव नव्हतं. त्या प्रसंगातूनच वर आलेल्या हॅरिस यांना स्वतःचा सहकारी ठरवायला जेमतेम सोळा दिवस मिळाले, ही अडचण मान्य. पण वॉल्झ यांच्या बाजूने तेव्हा काय सांगितलं जात होतं? त्यांना स्वतःला अध्यक्ष व्हायची आकांक्षा नाही, हे! ज्या पदाचं मुख्य प्रयोजनच वेळ आल्यास अध्यक्ष होणं, त्याची ही पात्रता. आणि शपिरोंबद्दलची शंका हॅरिस यांनी पुस्तकात नोंदवली आहे, की त्यांना प्रत्येक निर्णयाच्या वेळी खोलीत हजर राहायचं होतं, दुसऱ्या क्रमांकावर त्यांचं समाधान झालं नसतं. शपिरोंनी हे वर्णन फेटाळलं आहे. ते खरं असेल, तर मला तेच त्यांना निवडण्याचं सर्वांत सबळ कारण वाटतं. त्यांना घेऊनही हॅरिस बहुधा हरल्याच असत्या.