घरच्या प्रेक्षकाची पारख

घरात बसून पाहिलेल्या चित्रपटावर सामान्य प्रेक्षक जे मत देतो, ते त्याच्या रोजच्या जगण्यातून येतं. भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ हे त्याचं बोलकं उदाहरण. कऱ्हाडे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्याचे. मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगर कुटुंबाची ही कथा २०१५ मध्ये प्रदर्शित झाली. त्याआधीच तिला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला होता.

परीक्षक मांडणी, अभिनय, ध्वनी पाहतात. खतासाठी दरसाल वावरात मेंढरं बसवणारा शेतकरी वेगळंच पाहतो: बिऱ्हाड नीट लादलंय का, कोकरू उचलणारा हात सवयीचा आहे का, बोलण्यातला हेल इकडचाच आहे ना. खोटं असलं की तो लगेच ओळखतो. ही पारख समीक्षेइतकीच मोलाची आहे.

घरचं पाहणं सलग नसतं. धारांची वेळ होते, लाईट जाते, पाहुणे येतात. पण तोच चित्रपट पुन्हा लावता येतो आणि मत बदलतं. ‘ख्वाडा’ पाहताना पहिल्यांदा त्या कुटुंबातल्या धाकट्या मुलाची, बाळूची, कुस्ती आणि लग्नाची ओढ लक्षात राहते. दुसऱ्यांदा जमीन गमावलेल्या बापाचा हट्ट कळू लागतो.